वहीत न लिहिलेलं झाड



गटात नवी बाई आली की आम्ही तिला पहिल्याच बैठकीत एक गोष्ट सांगतो. बोललेलं वाऱ्यावर जातं, लिहिलेलं राहतं. वीस रुपये भरले तरी वहीत लिहायचं, पासबुकात लिहायचं, सही नाही तर अंगठा घ्यायचा. ज्याची नोंद नाही त्याचा हिशेब नाही. हे आम्ही इतक्या वेळा सांगितलं आहे की आता झोपेतही सांगू. पण हाच नियम झाडालाही लागू आहे, हे आम्हाला फार उशिरा कळलं. आज त्याचीच गोष्ट सांगायची आहे. ती शहरातल्या जुन्या झाडांची आहे, आणि थोडी आमच्या चुकीचीही आहे.

आमच्या तालुक्याच्या गावी नाक्यावर एक वड होता. एसटीची वाट बघत सगळे त्याच्याच सावलीला उभे राहायचे. बँकेत खातं काढायला आम्ही पहिल्यांदा गेलो, तेव्हा बँक उघडेपर्यंत त्याच्या पारावर बसलो होतो. गटाचं नाव काय ठेवायचं ते तिथेच ठरलं. पुढे एका वर्षी वटपौर्णिमेच्या आधी कोणीतरी सुचवलं, शहरात फ्लॅटमधल्या बायकांना वडाच्या फांद्या लागतात, विकत घेतात. आम्ही त्या वडाच्या हाताला येतील त्या फांद्या तोडल्या, सुतळीनं जुड्या बांधल्या आणि दहा रुपयाला एक अशा विकल्या. गाडीभाडं वजा जाता गटाला सत्तावीसशे रुपये सुटले. वहीत ते लिहिलेले आहेत. पुढची दोन वर्षंही आम्ही तेच केलं.

मग रस्ता रुंद करायचं काम निघालं. झाडाला एक कागद चिकटवला होता. आम्ही रोज त्याच्यासमोरून जात होतो, पण कसलीतरी जाहिरात असेल म्हणून कोणी वाचला नाही. करवती आल्या तेव्हा आम्ही आठ-दहा जणी धावत गेलो. काम पाहणाऱ्या साहेबांनी ओरडाआरडा केला नाही. ते म्हणाले, "ताई, झाड किती वर्षांचं आहे? कुठे नोंद आहे का? हरकत घेतली होती का?" आमच्यातली एकही काही बोलू शकली नाही. मागून एक मजूर म्हणाला, "दरवर्षी फांद्या तोडायला तुम्हीच येता की." त्याच्यावरही आमच्याकडे उत्तर नव्हतं.

संध्याकाळपर्यंत वड आडवा झाला. तेव्हापासून आम्ही जुन्या झाडांविषयी मिळेल ते वाचत गेलो, विचारत गेलो. त्यातलं जे पक्कं कळलं ते तुम्हाला सांगतो.

झाडाचा विचार सरकारने करावा, ही काही आजची कल्पना नाही. आपल्याकडे 'आज्ञापत्र' नावाचा राज्यकारभाराचा एक जुना ग्रंथ आहे. रामचंद्रपंत अमात्यांनी तो १७१५ च्या सुमारास लिहिला असं मानतात. रामचंद्रपंतांनी शिवाजी महाराजांचा कारभार जवळून पाहिला होता. आरमाराला लाकूड लागतं, ते कुठून आणायचं, याबद्दल त्यात सांगितलं आहे. सागवानासारखं लाकूड रानातून परवानगीनं तोडून आणावं, कमी पडलं तर बाहेरून विकत घ्यावं. पण रयतेच्या आंब्या-फणसाला हात लावू नये. कारण ही झाडं वर्षा-दोन वर्षांत होत नाहीत. लोकांनी ती पोटच्या पोरासारखी वाढवलेली असतात, ती तोडली तर त्यांच्या दुःखाला पार राहत नाही. एखादं झाड अगदी जुनं होऊन कामातून गेलं असेल, तर मालकाला राजी करावं, त्याला पैसे देऊन संतुष्ट करावं आणि मगच तोडावं. जबरदस्ती करू नये.

म्हणजे तीनशे वर्षांपूर्वीही दोन प्रश्न विचारले जात होते. झाडाचं वय काय? आणि झाड कोणाचं? रयतेच्या आंब्याला मालक होता, म्हणून त्याच्या वतीनं बोलणारं कोणीतरी होतं. नाक्यावरच्या झाडाची अडचण हीच असते. ते सगळ्यांचं असतं, म्हणून त्याच्या वतीनं बोलायला कोणीच पुढे येत नाही.

आता मुंबईचं उदाहरण घेऊ. आपल्या गटात आपण पैसे गोळा करतो, कर्ज देतो, व्याज ठरवतो, आणि हे सगळं पुष्कळदा पारावर बसून करतो. देशातला एक मोठा पैशाचा बाजारही असाच झाडाखाली सुरू झाला. १८५० नंतरच्या काळात मुंबईत टाऊन हॉलसमोर, म्हणजे आज हॉर्निमन सर्कल आहे त्या भागात, वडाच्या झाडांखाली दलाल जमायचे आणि कंपन्यांच्या शेअरचे सौदे करायचे. पुढे संख्या वाढली, जागा बदलाव्या लागल्या, आणि १८७५ मध्ये त्यांनी रीतसर संघटना केली. तोच आजचा मुंबई शेअर बाजार. इंग्रजीत वडाला 'बनियन' म्हणतात, तो शब्दसुद्धा वाणी-बनिया यांच्यावरूनच आला. वडाखाली बसून व्यापार करणारी माणसं परदेशी लोकांनी पाहिली आणि झाडालाच त्यांचं नाव देऊन टाकलं.

एखादं झाड ऐतिहासिक आहे असं म्हणतात तेव्हा अर्थ हाच असतो. त्याच्या खाली काहीतरी घडलेलं असतं. कधी ते मोठं असतं, शेअर बाजारासारखं. कधी लहान असतं, आमच्या गटाचं नाव ठरण्यासारखं. मोठ्या गोष्टी पुस्तकात जातात. लहान गोष्टी आपणच लिहायच्या असतात, दुसरं कोणी लिहायला येत नाही.

मुंबईतलीच आणखी एक जागा तुमच्यापैकी पुष्कळ जणींना माहीत असेल. कोकणातल्या, साताऱ्याकडच्या घरांमधून कोणी ना कोणी गिरणीत कामाला होतं. सुट्टीत मुंबईला मामाकडे गेलं की राणीची बाग बघायला न्यायचेच. भायखळ्याची ही बाग १८६२ मध्ये लोकांसाठी खुली झाली. तेव्हा तिला व्हिक्टोरिया राणीचं नाव होतं, म्हणून लोकांच्या तोंडी 'राणीची बाग' बसलं. १८७३ मध्ये ती नगरपालिकेच्या ताब्यात आली. आता तिचं नाव वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे.

आपण लहानपणी तिथे हत्ती आणि वाघ बघितले. पण बाग आधी झाडांची होती, प्राणी नंतर आले. देशोदेशीची झाडं तिथे आणून लावली होती. आफ्रिकेकडची गोरखचिंच आहे, तिचं खोड एवढं जाड की चार-पाच जणींनी हात धरले तरी वेढा पुरा होणार नाही. ब्रह्मदेशाकडची उर्वशी आहे, तिला लाल फुलांचे झुंबरासारखे घोस लटकतात. तोफेच्या गोळ्याएवढं फळ येणारा कैलासपती आहे. बागेत सुमारे तीन हजार झाडं आणि अडीचशेहून जास्त जाती आहेत. दाट वस्तीच्या, गिरण्यांच्या त्या भागात श्वास घ्यायला एवढी एकच मोठी जागा होती.

२००७ च्या सुमारास या बागेचा कायापालट करायचा आराखडा पुढे आला. परदेशातल्यासारखं नवं प्राणिसंग्रहालय, नवे पिंजरे, नवे रस्ते. त्यात जुन्या झाडांचं काय होणार, अशी भीती काही लोकांना वाटली. पुढे आल्या त्यात बहुतेक बायका होत्या. त्या कोणी पुढारी नव्हत्या. झाडांची आवड असलेल्या, बागेत नियमानं फिरायला येणाऱ्या अशा त्या होत्या.

त्यांनी काय केलं ते आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. त्यांनी नुसत्या घोषणा दिल्या नाहीत. त्या वही-पेन घेऊन बागेत फिरल्या. कोणतं झाड कुठे आहे, त्याची जात कोणती, याच्या याद्या केल्या. आराखड्यात जिथे नुसती मोकळी जागा दिसत होती, तिथे प्रत्यक्षात काय उभं आहे ते त्यांना झाडाच्या नावानिशी सांगता येऊ लागलं. मुंबईत जुन्या वास्तूंसाठी १९९५ पासून वारसा नियमावली आहे आणि राणीची बाग त्या यादीत आहे. त्याचा आधार घेऊन त्यांनी वारसा समितीपुढे म्हणणं मांडलं. तो पहिला आराखडा तसाच्या तसा मंजूर झाला नाही, तो बदलावा लागला. २०१२ मध्ये बागेला दीडशे वर्षं झाली, तेव्हा त्यांनी बागेवर पुस्तकही काढलं.

सगळंच जिंकलं असं नाही. पुढे बदललेल्या आराखड्याप्रमाणे कामं झाली, पेंग्विनही आले. त्या बायकांना आजही लक्ष ठेवावं लागतं. पण "किती झाडं? कुठे नोंद आहे?" असं त्यांना विचारलं असतं, तर त्या गप्प बसल्या नसत्या. नाक्यावर आमच्यात आणि त्यांच्यात एवढाच फरक होता.

आता कायद्याचं थोडं. घाबरू नका, आपल्या कामापुरतंच सांगतो.

महाराष्ट्रात शहरांमधल्या झाडांसाठी १९७५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे महानगरपालिका आणि नगरपालिकांच्या हद्दीत परवानगीशिवाय झाड तोडता येत नाही, मग ते आपल्या अंगणातलं का असेना. प्रत्येक ठिकाणी वृक्ष प्राधिकरण आणि वृक्ष अधिकारी असावा लागतो. दर पाच वर्षांनी झाडांची गणना करायची असते. आणि झाड तोडण्यासाठी अर्ज आला तर त्याची जाहीर सूचना वर्तमानपत्रात द्यायची आणि झाडावरही लावायची असते, म्हणजे लोकांना हरकत घेता येते.

झाडावर लावलेला तो कागद. आम्ही जाहिरात समजलो तो कागद आमच्यासाठीच होता, मैत्रिणींनो.

या कायद्यात २०२१ मध्ये मोठी सुधारणा झाली. पन्नास वर्षं किंवा त्याहून जास्त वयाच्या झाडाला आता 'हेरिटेज ट्री' म्हणजे वारसा वृक्ष मानतात. झाड तोडायची परवानगी द्यायचीच झाली, तर त्या झाडाचं जेवढं वय असेल तेवढी नवी झाडं लावावी लागतात. साठ वर्षांचं झाड तोडलं तर साठ रोपं. रोपं सहा ते आठ फूट उंचीची हवीत आणि सात वर्षं त्यांची निगा राखायची. दोनशे किंवा त्याहून जास्त झाडं तोडायची असतील, तर ते प्रकरण राज्याच्या वृक्ष प्राधिकरणाकडे न्यायचं, असं त्या सुधारणेत ठरलं होतं.

साठ रोपं म्हणजे साठ वर्षांचं झाड नव्हे, हे आपल्याला कोणी सांगायला नको. रोपाखाली एसटीची वाट बघता येत नाही. पण या सुधारणेमुळे एक गोष्ट झाली. झाडाचं वय हा आता हिशेबाचा आकडा झाला. आणि आकडा आला की नोंद लागते.

वय ठरवायचं कसं? झाडाला जन्मदाखला नसतो. जमिनीपासून साधारण साडेचार फूट उंचीवर खोडाचा घेर मोजतात आणि जातीनुसार अंदाज बांधतात. पण घेरावरून फसायलाही होतं. वड लवकर सुटतो, चिंच हळू वाढते. एकाच घेराच्या वडाचं आणि चिंचेचं वय सारखं नसतं. अशा वेळी माणसांची आठवण उपयोगी पडते. आमच्या गटातल्या एका आजी सांगतात, त्यांचं लग्न होऊन वरात आली तेव्हा वडाच्या पारंब्या जमिनीला टेकलेल्या होत्या. आजींच्या लग्नाला साठ वर्षं झाली. म्हणजे त्या एका आठवणीवर वड वारसा वृक्ष ठरला असता. पण ती आम्ही विचारली झाड पडल्यानंतर, चहा पिताना. लिहून ठेवणं तर दूरच.

तुम्ही म्हणाल, हे शहराचं झालं, आम्ही खेड्यातल्या. खेड्यांसाठी १९६४ चा वेगळा कायदा आहे. आंबा, फणस, चिंच, मोह, जांभूळ अशी ठरावीक झाडं त्यात येतात. दुसरं म्हणजे आपली किती गावं डोळ्यांदेखत शहर होत चालली आहेत! काल ग्रामपंचायत होती, आज नगरपंचायत झाली. शहर होताना पहिला घाव नाक्यावरच्या, वेशीवरच्या झाडावरच पडतो. शहर आपल्यापर्यंत येण्याआधी यादी तयार असलेली बरी.

झाड एकदा वाचवलं की काम संपलं असंही नाही. सांगली जिल्ह्यातल्या भोसे गावचा वड तुम्ही बातम्यांत ऐकला असेल. तो चारशे वर्षांचा असल्याचं सांगत. रत्नागिरी-नागपूर महामार्गाच्या कामात तो जाणार होता. २०२० मध्ये लोकांनी आवाज उठवला, बातमी सगळीकडे गेली आणि झाडाला धक्का न लावता रस्ता न्यायचं ठरलं. सगळ्यांना आनंद झाला. पण २०२२ मध्ये तो वड कोसळला. झाडाला म्हाताऱ्या माणसासारखी काळजी लागते. फक्त जागेवरून हलवलं नाही म्हणजे सांभाळलं असं होत नाही.

कोलकात्याजवळ हावड्याच्या वनस्पती उद्यानात अडीचशे वर्षांपेक्षा जुना एक वड आहे. १८६४ आणि १८६७ च्या वादळांत तो मोडला, मग बुंध्याला बुरशी लागली. शेवटी १९२५ मध्ये मधला मुख्य बुंधाच काढून टाकावा लागला. तरी तो वड जिवंत आहे. तीन हजारांवर पारंब्या जमिनीत उतरून खांबासारख्या उभ्या आहेत आणि तेवढ्यांवर तो पसरला आहे. मुळात बुंधा नसलेलं झाड! पण त्यासाठी माणसं नेमलेली आहेत, कोवळ्या पारंब्या बांबूतून नेऊन जमिनीपर्यंत पोचवतात.

आपल्याला तेवढं मोठं काम नको. बुंध्याभोवती सिमेंट ओतू देऊ नका, मुळांना पाणी आणि हवा लागते. दिल्लीतल्या झाडांसाठी राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं २०१३ मध्ये सांगितलं होतं की, बुंध्याभोवतीचं निदान एक मीटर सिमेंट काढून जागा मोकळी करा. खोडाला खिळे ठोकून फलक लावू देऊ नका. पारंब्या कापू नका. आणि वटपौर्णिमेला फांदी आणू नका, झाडापाशी जा. शहरातल्या बाईला झाड लांब पडत असेल, तर तिला वडाचं रोप विकता येतं. आम्ही आता कुंडीतली रोपं तयार करतो. जुडीएवढा धंदा होत नाही, खरं आहे. गटात त्यावरून वादही झाला. एक ताई सरळ म्हणाल्या, "नफा कमी झाला तो कोणाच्या नावावर लिहायचा?" आम्ही तो खर्चात लिहिला आहे.

आता आमची वही कशी आहे ते सांगतो. साधी दोनशे पानी वही. एका झाडाला एक पान. झाडाचं नाव, आपल्याकडे म्हणतात ते. जागा, कोणाच्या घराजवळ, कोणत्या रस्त्याला. साडेचार फुटांवरचा घेर, शिंप्याच्या टेपनं मोजलेला. टेप पुरला नाही तर सुतळीनं मोजायचं आणि सुतळी टेपला लावायची. मोजल्याची तारीख. मग निदान दोन म्हाताऱ्या माणसांची आठवण, त्यांच्या शब्दांत, खाली सही नाही तर अंगठा. झाडाखाली काय होतं? बाजार, शाळा, दिंडीचा मुक्काम, पहिली बैठक? शेवटी एक फोटो. पान पूर्ण झालं की त्याची प्रत वृक्ष अधिकाऱ्याकडे किंवा ग्रामपंचायतीत अर्जासोबत द्यायची आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. पोच विसरू नका.

आमच्या वहीत आतापर्यंत एकोणीस झाडं झाली. आठवडी बाजारातली चिंच पहिल्या पानावर आहे. तिचा घेर घेतला तेव्हा भाजीवाल्या मावशींनी टेपचं दुसरं टोक धरलं होतं आणि विचारलं, "हिला काय कर्ज देणार आहात का?" आम्ही हसलो. चिंच अजून उभी आहे. तिच्या पलीकडच्या गटारापर्यंत रस्त्याच्या मोजणीच्या खुणा आल्या आहेत. पुढे काय होईल ते आम्हाला सांगता येत नाही. पण या वेळी झाडावर कागद लागला तर आम्ही तो वाचू. आणि वय विचारलं तर सांगू.

वडाचं पानही आम्ही केलं आहे. ते शेवटून पहिलं पान आहे, त्यात घेराची जागा कोरी आहे. आजींची आठवण लिहिली आहे, आणि त्याखाली तीन वर्षांचा फांद्यांचा हिशेबही लिहिला आहे.

येत्या मासिक बैठकीत हजेरी झाली, हप्ते झाले की दहा मिनिटं काढा. गावातल्या सगळ्यात जुन्या झाडाचं नाव विचारा आणि सगळ्यात वयस्क बाईला पहिलं बोलू द्या. सचिवांनी लिहून घ्या.